इंग्रजी आडनावाचे मूळ कसे शोधावे? ‘मोल्सवर्थ’च्या उदाहरणासह नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

इंग्रजी आडनावांची माहिती देणाऱ्या बहुतेक ठिकाणी एक साचेबंद वाक्य वाचायला मिळते: ‘हे आडनाव अँग्लो-सॅक्सन मूळचे असून ते सातव्या शतकापूर्वीच्या जुन्या इंग्रजी शब्दांपासून बनले आहे.’ अँग्लो-सॅक्सन म्हणजे पाचव्या शतकापासून इंग्लंडात येऊन वसलेले जर्मनिक भाषा बोलणारे लोक, आणि त्यांची भाषा ती जुनी इंग्रजी. हे वाक्य बहुधा खोटे नसते; मात्र त्यात तीन निरनिराळे इतिहास एकाच गाठोड्यात बांधलेले असतात. पहिला इतिहास शब्दाचा, म्हणजे आडनावातले घटक मुळात कोणत्या भाषेतले आणि त्यांचा अर्थ काय याचा. दुसरा आडनावाचा, म्हणजे तो शब्द वडिलांकडून मुलाकडे वारशाने जाणारे नाव केव्हा झाला याचा. तिसरा घराण्याचा, म्हणजे आपण ज्या माणसांचा शोध घेत आहोत त्यांनी ते नाव केव्हापासून आणि का लावले याचा. या तिन्हींची साधने वेगळी, पुरावे वेगळे आणि कालखंडही वेगळे असतात. नवशिक्या संशोधकाचा गोंधळ होतो तो बहुतेक वेळा यातल्या एकाचा पुरावा दुसऱ्याला लावल्यामुळे.

उदाहरणासाठी येथे ‘मोल्सवर्थ’ हे आडनाव घेतले आहे, कारण मराठी वाचकाला त्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. जेम्स टॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१) यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम प्रसिद्ध झाला, त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ साली निघाली, आणि एखाद्या जुन्या शब्दाच्या अर्थावरून वाद पडला की ‘मोल्सवर्थमध्ये पाहा’ असे आजही सांगितले जाते. ब्रिटिश अमलाचा अभ्यास करणारे, इंग्रजी आडनाव लावणारी महाराष्ट्रातली अँग्लो-इंडियन व ख्रिस्ती कुटुंबे, आणि इंग्लंडात स्थायिक होऊन तिथल्या घराण्यांशी नाते जोडलेली मराठी मंडळी, अशा सर्वांना हीच पद्धत आपापल्या आडनावासाठी वापरता येईल.

आरंभापूर्वी: अँग्लो-सॅक्सन लोकांना आडनावे नव्हती

पाचव्या शतकापासून १०६६ सालच्या नॉर्मन विजयापर्यंत, म्हणजे फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकेपर्यंत, इंग्लंडमध्ये माणसाला साधारणपणे एकच नाव असे. गॉडविन, वुल्फरिक, एडिथ अशी ही नावे बहुधा दोन शब्द जोडून तयार होत. गरज पडली तर ‘अमक्याचा मुलगा’, ‘काळा’, ‘तमक्या गावचा’ असे विशेषण पुढे लागे. पण ते त्या माणसाबरोबरच संपे, मुलाला मिळत नसे. वारशाने चालणारे आडनाव रुजले ते नॉर्मन विजयानंतर, आणि तेही हळूहळू. प्रथम जमीनदारांनी आपल्या जहागिरीचे नाव लावले, कारण वारसाहक्क सांगायला ते उपयोगी पडे. मग शहरातले व्यापारी आणि शेवटी सामान्य कुळे त्या वाटेने गेली. याच काळात जुनी इंग्रजी नावे मागे पडून गावोगावी विल्यम, जॉन, रॉबर्ट, रिचर्ड अशा मोजक्याच नावांची गर्दी झाली, त्यामुळे कर वसूल करणाऱ्या कारकुनाला एका विल्यमपासून दुसरा विल्यम वेगळा काढण्यासाठी दुसऱ्या नावाची निकड भासू लागली. इंग्लंडच्या दक्षिणेत चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आणि उत्तरेत त्यानंतर काही पिढ्यांनी बहुतेक कुटुंबांची आडनावे स्थिर झाली. वेल्समध्ये ही प्रक्रिया त्याहूनही कित्येक पिढ्या उशिरा पूर्ण झाली.

म्हणून ‘अँग्लो-सॅक्सन आडनाव’ याचा काटेकोर अर्थ एवढाच: ज्याचे घटक शब्द जुन्या इंग्रजीतले आहेत असे, मध्ययुगात तयार झालेले आडनाव. ते लावणारा माणूस अँग्लो-सॅक्सन वंशाचा आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही.

पहिली पायरी: नाव जुन्या इंग्रजीतले आहे का, हे तपासावे

आपल्याकडे सगळ्या गोऱ्या साहेबांची नावे ‘इंग्रजी’ समजण्याची सवय आहे. महाराष्ट्राच्या इतिहासात वारंवार येणारी काही नावे पाहिली तरी ही समजूत किती ढोबळ आहे ते कळते. मुंबईच्या दादाभाई नौरोजी मार्गाचे जुने नाव हॉर्नबी रोड; त्यातला ‘-बी’ हा वस्ती या अर्थाचा शब्द स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या भाषेतला आहे. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचे आडनाव जुन्या फ्रेंचमधल्या ‘भाऊ’ या अर्थाच्या शब्दापासून आले. ‘माल्कम’ हे नाव गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या जुन्या भाषेतले आहे. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफ यांच्या जोडनावातला ‘ग्रँट’ नॉर्मन फ्रेंचमधल्या ‘थोर, उंच’ अशा अर्थाच्या शब्दापासून, तर ‘डफ’ गेलिकमधल्या ‘काळा’ या शब्दापासून आला आहे. जुन्या इंग्रजीच्या पंगतीत बसणारी म्हणून यांतून मोल्सवर्थ आणि वेलस्ली अशी थोडीच नावे उरतात.

जुन्या इंग्रजीतून आलेली आडनावे स्थूलमानाने चार गटांत पडतात. गुडविन, गुडरिच, वुलरिच यांसारखी आडनावे पूर्वजाच्या व्यक्तिनामापासून आली. स्मिथ, बेकर, वेब्स्टर ही व्यवसायाची झाली. यात प्रदेशाचाही सुगावा लागतो: विणलेले कापड तुडवून घट्ट करणाऱ्या कारागिराला आग्नेय इंग्लंडात ‘फुलर’, उत्तरेत व पश्चिमेत ‘वॉकर’ आणि नैर्ऋत्येत ‘टकर’ म्हणत, म्हणून एकाच धंद्याची ही तीन आडनावे आजही नकाशावर वेगवेगळ्या भागांकडे बोट दाखवतात. तिसरा गट आर्मस्ट्राँग, व्हाइटहेड अशा टोपणनावांचा. चौथा आणि फार मोठा गट स्थळांचा. ‘-टन’, ‘-हॅम’, ‘-ली’, ‘-फर्ड’, ‘-बरी’, ‘-वर्थ’ असा शेवट असलेली आडनावे बहुधा या गटातली असतात. ‘मोल्सवर्थ’ येथेच येते.

स्थळावरून आलेल्या आडनावाच्या बाबतीत आपल्या ‘-कर’ प्रत्ययाचा अनुभव उपयोगी पडतो. चिपळुणात राहणाऱ्या शेजाऱ्याला शेजारी चिपळूणकर म्हणून ओळखत नाहीत. ते नाव चिकटते चिपळूण सोडून दुसरीकडे गेलेल्याला. इंग्लंडातही हेच घडले. त्यामुळे आडनावाचा सर्वांत जुना उल्लेख त्या गावात न सापडता दहा-वीस कोसांवरच्या गावात किंवा थेट लंडनात सापडला, तर गोंधळून जाऊ नये. तसे होणेच स्वाभाविक आहे. मात्र गावाचा जमीनदार तिथेच राहूनही गावाचे नाव लावत असे, एवढा अपवाद ध्यानात ठेवावा.

दुसरी पायरी: आजपासून मागे जावे

येथे बहुतेक नवशिके उलट्या टोकाने सुरुवात करतात. आडनावाचा अर्थ आधी शोधतात, मग त्या नावाचा एखादा मध्ययुगीन सरदार गाठतात आणि तिथून खाली आपल्यापर्यंत रेघ ओढू पाहतात. अशी रेघ कागदावर सहज निघते, पण ती खरी असण्याची शक्यता फारच कमी असते. योग्य क्रम असा, की ज्या व्यक्तीची माहिती कागदोपत्री सिद्ध आहे तिच्यापासून एकेक पिढी मागे जावे आणि प्रत्येक पिढीला स्वतंत्र पुरावा जोडावा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. स्कॉटलंडमध्ये ती १८५५ पासून आणि आयर्लंडमध्ये सर्वांसाठी १८६४ पासून आहे. इंग्लंड-वेल्सच्या जनरल रजिस्टर ऑफिसची जन्मसूची इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते आणि तिच्यात आईचे माहेरचे आडनावही दिलेले असते. दाखल्याची प्रत मात्र पैसे भरून मागवावी लागते. जन्माच्या दाखल्यावरून आई-वडील कळतात, विवाहाच्या दाखल्यावरून वधू-वरांच्या वडिलांची नावे व व्यवसाय कळतात, आणि या दोन दाखल्यांची आलटून-पालटून साखळी जोडत १८३७ पर्यंत बऱ्यापैकी खात्रीने पोहोचता येते.

या साखळीला जनगणनेचा आधार घ्यावा. ब्रिटनमध्ये १८०१ पासून दर दहा वर्षांनी जनगणना होत आली असली, तरी घरातल्या प्रत्येकाच्या नावासह ती पद्धतशीरपणे जतन झाली ती १८४१ पासून. त्या वर्षीच्या नोंदी वापरताना सावध राहावे: पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिण्याची सूचना गणकांना होती, म्हणून ३४ वर्षांचा माणूस ३० चा दिसतो, आणि जन्मस्थळाच्या रकान्यात याच परगण्यात जन्म झाला की नाही एवढेच असते. १८५१ पासून जन्माचा पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला गाव किंवा भाग) आणि कुटुंबप्रमुखाशी नाते या दोन्ही गोष्टी मिळू लागतात, आणि स्थळावरून आलेल्या आडनावाचा माग काढणाऱ्याला जन्माच्या पॅरिशइतकी मोलाची माहिती दुसरी नाही. नावे असलेल्या नोंदी शंभर वर्षे गुप्त ठेवल्या जातात. १९२१ ची जनगणना २०२२ साली खुली झाली. पुढची लवकर मिळेल या आशेवर राहू नये, कारण इंग्लंड-वेल्सचे १९३१ चे कागद १९४२ साली आगीत जळाले आणि १९४१ साली युद्धामुळे जनगणनाच झाली नाही.

१८३७ च्या मागे चर्चच्या पॅरिश नोंदवह्या लागतात. आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या १५३८ सालच्या आज्ञेने त्या सुरू झाल्या आणि १५९८ पासून त्यांची नक्कल बिशपकडे पाठवण्याचा नियम झाला. मूळ वही हरवली असेल किंवा उंदरांनी कुरतडली असेल, तर ही नक्कल कामाला येते. या वह्यांमध्ये जन्म नसतो, बाप्तिस्मा असतो, आणि तो कधी जन्मानंतर दोन दिवसांनी, तर कधी दहा वर्षांनी चार भावंडांचा एकदमच उरकलेला असतो. १६४० आणि १६५० च्या दशकांत यादवी युद्धामुळे अनेक ठिकाणच्या वह्यांत खिंडारे पडली आहेत. मृत्युपत्रांचा धागाही सोडू नये: १८५८ पूर्वी ती धर्मन्यायालयांत सिद्ध होत असत, आणि त्यांतल्या सर्वांत वरच्या, म्हणजे कँटरबरीच्या न्यायालयातली मृत्युपत्रे लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. एखाद्या शेतकऱ्याच्या मृत्युपत्रात चार मुलगे, दोन जावई आणि ‘मोल्सवर्थ येथील माझा चुलतभाऊ’ असे एकाच पानावर सापडले, की वर्षभराच्या शोधाचे काम एका कागदाने होते.

घराणे आयर्लंडकडे वळले तर परिस्थिती कठीण होते. डब्लिनच्या फोर कोर्ट्समधले सरकारी दप्तर १९२२ सालच्या यादवीत जळून खाक झाले आणि त्याबरोबर जुन्या जनगणना, मृत्युपत्रे आणि अनेक चर्चनोंदी गेल्या. १९०१ आणि १९११ च्या जनगणना मात्र पूर्ण टिकून आहेत आणि विनामूल्य पाहता येतात. मोल्सवर्थ नावाच्या बाबतीत हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण या नावाचे एक प्रसिद्ध घराणे डब्लिनचेच होते.

हिंदुस्थानात आलेल्यांसाठी

ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि पुढे सरकारच्या चाकरीत इकडे आलेल्या माणसांचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफने येथील धर्मगुरू लिहून ठेवत आणि त्यांच्या प्रती लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांच्या वह्या अनुक्रमे ‘एन/१’, ‘एन/२’ आणि ‘एन/३’ या क्रमांकांखाली लावलेल्या आहेत, म्हणून पुणे, खडकी, अहमदनगर किंवा माथेरानशी संबंध असेल तर ‘एन/३’ मागावा. लष्करात दाखल होणाऱ्या तरुणांचे अर्ज बाप्तिस्म्याच्या दाखल्यासह त्याच दप्तरात असतात, आणि हिंदुस्थानातला माणूस इंग्लंडातल्या नेमक्या कोणत्या पॅरिशचा हे सांगणारा दुवा बहुधा तिथेच मिळतो. ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ या संस्थेने अशा नोंदींची मोठी सूची इंटरनेटवर शोधासाठी खुली केली आहे. लंडनला पत्र धाडण्यापूर्वी ती चाळावी.

स्थानिक पुरावाही दुर्लक्षित करण्यासारखा नाही. शिवडीच्या दफनभूमीतले किंवा पुण्यातल्या जुन्या दफनभूमींतले थडगे अनेकदा जन्मगाव सांगते, जे नोंदवहीत नसते. थडग्याचे छायाचित्र काढताना दगडावर पाणी शिंपडून तिरप्या उन्हात काढावे, म्हणजे झिजलेली अक्षरे वाचता येतात. खडू किंवा रंग फासू नये. मराठी साधनांत शोधायचे असेल तर लेखनभेदांची यादी आधीच करून ठेवावी: मोल्सवर्थ, मोलस्वर्थ, मोलेसवर्थ, मोल्सवर्थ साहेब. जुन्या मराठी कागदांत साहेबांची नावे कानाला जशी ऐकू आली तशी उतरलेली असतात.

तिसरी पायरी: तारीख, लेखन आणि नावबदल

१७५२ सालापर्यंत इंग्लंडात वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. म्हणजे जुन्या वहीतला ‘१० फेब्रुवारी १७०४’ हा आपल्या हिशोबाने १७०५ सालचा असतो. हे विसरल्यास मुलाचा बाप्तिस्मा आई-वडिलांच्या लग्नाआधी झालेला दिसतो आणि उगाच नसत्या शंका येतात. जुन्या लॅटिन नोंदींत ‘जेकोबस’ म्हणजे जेम्स आणि ‘गुलिएल्मस’ म्हणजे विल्यम. आडनावाचे प्रमाण लेखन ही अलीकडची गोष्ट आहे. एकाच पाद्र्याने एकाच माणसाचे आडनाव दोन पानांवर दोन प्रकारे लिहिलेले आढळते. म्हणून ‘आमचे मोल्सवर्थ वेगळे, आमच्यात एक अक्षर जास्त आहे’ या युक्तिवादाला सतराव्या शतकापूर्वी काडीची किंमत नाही.

नावबदल हा याहून गंभीर विषय आहे, कारण येथे आडनावाचा आणि रक्ताचा संबंधच तुटतो. याचे उत्तम उदाहरण आपल्या इतिहासात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत मराठ्यांविरुद्ध इंग्रजी फौजेचे नेतृत्व करणारा आर्थर वेलस्ली पित्याच्या पुरुषपरंपरेने वेलस्ली नव्हताच. त्याचे आजोबा रिचर्ड कॉली यांना गॅरेट वेस्ली या नातलगाची इस्टेट वारशाने मिळाली आणि १७२८ साली त्यांनी त्याचे आडनाव घेतले. आर्थर जन्मला ‘वेस्ली’ म्हणून. घराण्याने ‘वेलस्ली’ हे जुने रूप परत स्वीकारले ते १७९८ च्या सुमारास. ‘वेलस्ली’ हे नाव सॉमरसेट परगण्यातल्या वेल्स गावाजवळच्या एका ठिकाणावरून आले, हे विधान बरोबर आहे. पण त्यावरून असईच्या विजेत्याचे पूर्वज सॉमरसेटचे ठरवणे चुकीचे होईल.

इस्टेटीसाठी घेतलेले नाव, सावत्र बापाचे नाव, विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाला मिळालेले आईचे नाव, अशी कारणे सामान्य घरांतही असत. आपल्याकडे वसई-गोव्याच्या बाजूला धर्मांतराच्या वेळी पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे पोर्तुगीज आडनाव घेतले गेल्याचे दाखले आहेत, त्यामुळे ही गोष्ट मराठी वाचकाला पटायला जड जाऊ नये. स्त्रियांच्या बाबतीत तर सतत दक्ष राहावे लागते: ‘मिसेस मोल्सवर्थ’ या नावाने मुलांसाठी लिहिणाऱ्या प्रसिद्ध लेखिका (१८३९–१९२१) जन्माने मेरी लुईझा स्ट्यूअर्ट होत्या.

चौथी पायरी: गावाचे नाव आणि त्याचे जुने रूप

आता शब्दाकडे वळण्यास हरकत नाही. मोल्सवर्थ हे गाव पूर्व इंग्लंडात, हंटिंगडनशर या जुन्या परगण्याच्या पश्चिम भागात, नॉर्थँप्टनशरच्या सीमेजवळ आहे. १९७४ पासून हा परगणा केंब्रिजशरमध्ये विलीन झाला, म्हणून जुनी साधने हंटिंगडनशरखाली आणि नवी केंब्रिजशरखाली शोधावी लागतात. इंटरनेटवर नुसते गावाचे नाव टाकले तर पहिली पाने लष्करी हवाईतळाने भरलेली येतात, कारण १९८० च्या दशकात तिथे अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रे ठेवण्यावरून मोठी निदर्शने झाली होती. तेव्हा शोधताना ‘पॅरिश’ किंवा ‘हंटिंगडनशर’ हा शब्द जोडावा.

नियम एकच, पण तो मोडू नये: गावाच्या नावाचा अर्थ आजच्या रूपावरून काढायचा नाही, सापडेल त्या सर्वांत जुन्या रूपावरून काढायचा. इंग्लंडमध्ये यासाठी १०८६ सालच्या ‘डूम्सडे बुक’ या जमीनपाहणीचा मोठा आधार आहे. विल्यम राजाने करवून घेतलेल्या या पाहणीत हजारो गावे आहेत आणि तिची अनुक्रमणिका इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते. त्यात आपले गाव ‘मोलेसवोर्डे’ अशा रूपात येते. १९२३ साली स्थापन झालेल्या ‘इंग्लिश प्लेस-नेम सोसायटी’ने परगणावार खंड काढले असून बेडफर्डशर आणि हंटिंगडनशरचा एकत्रित खंड १९२६ चा आहे. त्यात प्रत्येक गावाच्या नावाची निरनिराळ्या सालांतली रूपे आणि नंतर अर्थ दिलेला असतो. वाचताना आधी रूपांची यादी पाहावी, अर्थ मागाहून वाचावा.

‘मोलेसवोर्डे’ या रूपाची फोड करताना शेवटापासून सुरुवात करणे सोपे जाते. ‘वोर्डे’ म्हणजे जुन्या इंग्रजीतले ‘वोर्थ’. लिहिणारे लेखनिक लॅटिन-फ्रेंच वळणाचे असल्याने ‘थ’ हा उच्चार त्यांना अडचणीचा होता आणि त्याजागी ते अनेकदा ‘ड’ लिहीत. ‘वोर्थ’चा अर्थ कुंपण घातलेली जागा, वाडगे किंवा शेतघर. वँड्सवर्थ, केनिलवर्थ, बटरवर्थ यांतही तोच आहे. डेव्हनमध्ये त्याचे जवळचे रूप ‘-वर्दी’ होते, तर वेल्सच्या सीमेकडे ‘-वर्डाइन’. मधला ‘स’ हा षष्ठीचा, म्हणजे ‘चा-ची-चे’ दाखवणारा आहे. तो दिसला की त्याआधी बहुधा माणसाचे नाव असते. उरला ‘मोले’. नॉर्मन वळणाचे लेखनिक ‘उ’च्या जागी ‘ओ’ पुष्कळदा लिहीत, म्हणून येथे ‘मूल’ हे जुने व्यक्तिनाम मानतात. मराठी ‘मूल’शी त्याचा काहीही संबंध नाही, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ खेचर, आणि त्यावरून मिश्र कुळातला माणूस. एकूण अर्थ: मूल नावाच्या माणसाचे वाडगे.

हे व्यक्तिनाम खरोखर प्रचारात होते का, हा पुढचा प्रश्न विचारायलाच हवा, कारण अडचण आली की एखादे व्यक्तिनाम कल्पून मोकळे होण्याची खोड जुन्या अभ्यासकांनाही होती. येथे पुरावा भक्कम आहे. वेसेक्स या दक्षिण इंग्लंडातल्या जुन्या राज्याचा राजा कॅडवाला याच्या भावाचे नाव मूल होते आणि तो काही काळ आग्नेयेकडच्या केंटचा राजा होता. ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ या जुन्या इंग्रजीतल्या बखरीमध्ये ६८७ सालाखाली अशी नोंद आहे, की केंटमध्ये मूलला आणि त्याच्याबरोबर बारा जणांना जाळून मारण्यात आले, आणि ६९४ सालाखाली, केंटच्या लोकांनी त्याबद्दल वेसेक्सचा पुढचा राजा इने याला तीस हजारांची भरपाई दिली. हंटिंगडनशरच्या गावाचा मूल तोच, असे समजण्याचे काहीच कारण नाही. नाव प्रचलित होते एवढेच या नोंदीने सिद्ध होते, आणि आपल्याला तेवढेच हवे आहे.

चुकीच्या व्युत्पत्तींचा मोह येथे फार होतो. इंग्रजीत ‘मोल’ नावाचा जमीन पोखरणारा प्राणी आहे, पण तो शब्द इंग्रजीत डूम्सडे पाहणीनंतर बऱ्याच काळाने दिसू लागतो. ‘वर्थ’चा ‘किंमत’ हा अर्थही स्थळनामात चालत नाही. मराठीत ‘मोल’ म्हणजेही किंमत, हा योगायोग कोशकाराच्या आडनावात गमतीचा खरा; पण अशाच योगायोगांवर पुष्कळ घराण्यांच्या दंतकथा उभ्या आहेत.

दुसरा धोका सारख्या दिसणाऱ्या गावाचा. वायव्य इंग्लंडातल्या चेशर परगण्यात मोल्ड्सवर्थ नावाचे गाव आहे. बाराव्या शतकातल्या त्याच्या ‘मोल्डेवर्थे’ या रूपात ‘ड’ स्पष्ट आहे, आणि त्याचा संबंध माथा किंवा टेकडी या अर्थाच्या ‘मोल्डा’ शब्दाशी जोडतात. बोलताना तो ‘ड’ सहज गळतो. त्यामुळे चेशर किंवा लँकेशरमधला एखादा ‘मोल्सवर्थ’ हंटिंगडनशरशी काडीमात्र संबंध नसलेला असू शकतो. कोणते गाव खरे, हे शब्दकोश सांगणार नाही. दुसऱ्या पायरीतली साखळी कोणत्या परगण्यात जाऊन थांबते, त्यावरून ते ठरवावे लागते. १८८१ च्या जनगणनेवरून काढलेले आडनावांचे नकाशे येथे प्राथमिक अंदाजासाठी चांगले आहेत. स्मिथसारख्या सर्वत्र पसरलेल्या नावासाठी त्यांचा उपयोग नाही, पण विरळ स्थळनामासाठी दाट ठिपके कुठे पडतात ते पाहावे.

पाचवी पायरी: १५३८ च्या मागची अंधारी वाट

पॅरिश नोंदवह्यांच्या मागे सलग साखळी जोडणे सामान्य कुटुंबाच्या बाबतीत क्वचितच जमते आणि तसे न जमल्याने शोध अपुरा ठरत नाही. या काळात माणसे भेटतात ती करांच्या यादीत: १३२७ आणि १३३२ सालचे करपट, १३७७, १३७९ आणि १३८१ सालचे डोईपट्टीचे कागद. क्यू येथील अभिलेखागारात हे ‘ई १७९’ या क्रमांकाखाली ठेवलेले आहेत. हंटिंगडनशरचे नशीब असे की १२७९-८० च्या मोठ्या जमीनचौकशीचे तपशीलवार कागद ज्या थोड्या परगण्यांसाठी टिकले त्यांत तो आहे. या याद्यांत ‘द मोल्सवर्थ’ असे नाव आढळले तर त्यातल्या ‘द’ने हुरळून जाऊ नये. तो ‘अमुक गावचा’ एवढेच सांगतो. जमीनदारालाही लागतो आणि त्याच्या गुराख्यालाही.

सरदारी वंशावळी मात्र याच अंधाराचा फायदा घेतात. मोल्सवर्थ घराण्याच्या जुन्या छापील वंशावळींत सर वॉल्टर द मोल्सवर्थ हा पूर्वज इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्याबरोबर धर्मयुद्धाला गेल्याचे सांगितले जाते. अशा विधानात दोन भाग असतात: तो माणूस होता का, आणि त्याच्यापासून प्रत्येक पिढीची सलग नोंद आहे का. पहिल्याचा पुरावा मिळाला म्हणून दुसरा सिद्ध होत नाही. पक्क्या जमिनीवर आपण येतो ते सतराव्या शतकात. हेंडर मोल्सवर्थ यांना १६८९ साली पेनकॅरोची बॅरोनेट ही वंशपरंपरेने चालणारी पदवी मिळाली आणि त्यांची शाखा कॉर्नवॉलमध्ये नांदली. डब्लिनमध्ये जन्मलेले रॉबर्ट मोल्सवर्थ (१६५६–१७२५) डेन्मार्कमध्ये इंग्लंडचे राजदूत होते आणि १७१६ साली ते आयर्लंडच्या उमरावांत व्हायकाउंट झाले. डब्लिनच्या मोल्सवर्थ स्ट्रीटचे नाव या घराण्यावरून पडले. गावावरून आडनाव आणि आडनावावरून पुन्हा रस्ता असा हा उलटा प्रवास आहे. आडनाव एकच म्हणून कोशकाराला, किंवा त्या नावाच्या आपल्या शेजाऱ्याला, या उमरावांच्या झाडावर नेऊन बसवू नये. त्यासाठी प्रत्येक पिढीचा कागद लागतो.

‘आडनावाचे राजचिन्ह’ विकणाऱ्यांबद्दल एवढेच सांगणे पुरे, की इंग्लंडात ढालचिन्ह विशिष्ट व्यक्तीला आणि तिच्या सिद्ध वंशजांना मिळते, आडनावाला मिळत नाही. त्याची अधिकृत नोंद १४८४ साली स्थापन झालेल्या लंडनच्या ‘कॉलेज ऑफ आर्म्स’कडे असते. बाजारात चौकटीत बसवून मिळणारे चिन्ह त्याच नावाच्या भलत्याच माणसाचे असते.

सहावी पायरी: डीएनए आणि इतर संशोधक

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते आणि इंग्रजी आडनावही बहुधा तसेच जाते, म्हणून त्याची चाचणी आडनावाच्या अभ्यासात उपयोगी पडते. हंटिंगडनशरमधून निघालेला एक मोल्सवर्थ आणि चेशरमधला दुसरा यांची वाय गुणसूत्रे हजारो वर्षांपूर्वीच वेगळी झालेली निघाली, तर दोन स्वतंत्र उगमांचा तर्क बळावतो. एकाच मूळ गावातून निरनिराळ्या वेळी निघालेल्या, परस्परांशी नाते नसलेल्या दोन माणसांनाही तेच आडनाव मिळालेले असते, त्यामुळे गुणसूत्रे जुळली नाहीत म्हणजे कोणी तरी खोटे ठरले असे मानू नये. चाचणी फक्त पुरुषच देऊ शकतो. वाचक स्त्री असेल तर त्याच आडनावाचा भाऊ, वडील किंवा चुलता लागेल. ‘तुमच्यात इतके टक्के अँग्लो-सॅक्सन’ असे सांगणारा अहवाल या कामासाठी निरुपयोगी आहे, कारण तो आडनावाच्या रेषेबद्दल काहीच सांगत नाही. आणि चाचणीपूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना विश्वासात घ्यावे. अहवालात कधीकधी असे काही निघते, जे त्यांना ठाऊक असते आणि तुम्हाला नसते.

एकाच आडनावाच्या सर्व नोंदी जगभरातून गोळा करणारे संशोधकही आहेत. १९७९ साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या ‘गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज’कडे अशा अभ्यासांची नोंद असते. आपले आडनाव तिथे नोंदलेले असेल तर संबंधित संशोधकाला पत्र लिहावे: एका पानात आपल्या सर्वांत जुन्या सिद्ध पूर्वजाचे नाव, पॅरिश आणि साल द्यावे, प्रत्येक विधानाखाली दाखल्याचा क्रमांक लिहावा, अंदाज असेल तिथे तसे स्पष्ट म्हणावे, आणि हयात नातेवाइकांच्या जन्मतारखा त्यातून वगळाव्यात.